टाचणी बाजूने हवी

सोलापूर,
१८ नोव्हेंबर २०२४

श्री. राजशेखर सर,
संयोजक, ‘परसातले चतुर’ कीटकनोंद गट

महोदय,

एखाद्या निरीक्षकाचे नाव नोंदवहीतून कायमचे काढण्यापूर्वी पडताळणाऱ्याने घटनाक्रम लिहून द्यावा, असा नियम आहे. त्याप्रमाणे देत आहे. समितीतले दोन सदस्य या विषयातले नाहीत, म्हणून एक खुलासा मध्येच केला आहे.

१. निरीक्षक श्रीमती वच्छला लवटे, वय अंदाजे ५८, मंगळवेढा तालुका. घरामागे सिमेंटचा हौद आहे. फोटो मोबाइलवर काढतात. टाइप करत नाहीत; वहीच्या पानावर पत्र लिहून त्या पानाचा फोटो पाठवतात.

२. ४ ते २५ ऑगस्ट या काळात त्यांनी एकतीस फोटो पाठवले. त्यांतले चार अस्पष्ट होते.

३. ११ ऑगस्टच्या फोटोत (क्र. २३) एक निळी टाचणी होती. (चतुर हा पाण्याकाठी उडणारा लांब शेपटीचा कीटक; बसतो तेव्हा पंख पसरून बसतो. टाचणी हा त्याचाच बारीक अंगाचा भाऊबंद. ती बहुधा पंख मिटून बसते.) या टाचणीची आपल्याकडे जिल्ह्यातली एकही नोंद नव्हती. मात्र त्या एका फोटोवरून खात्री होत नव्हती.

४. १४ ऑगस्टला मी अधिक स्पष्ट फोटोसाठी सूचना दिली.

५. २५ ऑगस्टला चार टाचण्यांचा फोटो (क्र. ३१) आला.

६. त्या फोटोचा आवश्यक तेवढा भाग घेऊन मी नोंद दाखल केली. जिल्ह्यातली पहिली नोंद म्हणून ती स्वीकारली गेली.

७. वार्षिक यादीच्या मुखपृष्ठासाठी आपण २ नोव्हेंबरला पूर्ण फोटो मागितला. पूर्ण फोटोत चारही टाचण्या पांढऱ्या कागदावर पिनांनी टोचलेल्या आहेत. मृत आहेत.

८. जिवंत आणि न पकडलेल्या कीटकांचेच फोटो घ्यायचे, हा आपला पहिला नियम. मी तसा शेरा दिला. ५ नोव्हेंबरला निरीक्षकाचे सर्व फोटो काढून टाकले गेले आणि गटावर नावासह सूचना गेली.

९. निरीक्षकाने असे का केले, ते मला माहीत नाही.

आपली,
सुकन्या गडदे
पडताळणी, सोलापूर जिल्हा

*

सोलापूर,
१९ नोव्हेंबर

प्रिय सुकन्या,

अहवाल मिळाला. नेहमीसारखाच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी फक्त एका ठिकाणी अडलो.

मराठी शब्द असताना इंग्रजी शब्द वापरलेला तुम्हाला चालत नाही. मागच्या वर्षी मी यादीत ‘मेल-फीमेल’ लिहिलं, तर तुम्ही सगळीकडे ‘नर-मादी’ करून परत पाठवलंत. आणि सातव्या मुद्द्यात तुम्ही ‘पिनांनी’ लिहिता? मी आत बायकोला हाक मारून विचारलं, अगं, घरात पिन आहे का? आतून उत्तर आलं, “पिन कसली? टाचणी म्हणा की. आणि तुम्हाला कशाला हवी? मागच्या खेपेला पूर्ण डबी सांडून ठेवलीत.”

मग मी चौथा मुद्दा पुन्हा वाचला. तिथे ‘सूचना दिली’ एवढंच आहे. ती सूचना शब्द न शब्द पाठवाल का? तिच्या आधीची आणि नंतरची पत्रंही हवीत. गुरुवारपर्यंत पाठवा.

राजशेखर

*

सोलापूर,
२१ नोव्हेंबर

सर,

सात पत्रे तारखेप्रमाणे जोडली आहेत. त्यांत काही बदललेले नाही, काही गाळलेले नाही.

पहिल्याच पत्राच्या पहिल्या ओळीत एक गोष्ट आहे, ती अहवालात नाही. पडताळणाऱ्याने नातेवाइकांचे फोटो तपासू नयेत, दुसऱ्या पडताळणाऱ्याकडे द्यावेत, हा नियम मला ठाऊक होता. दुसरे पडताळणारे पुण्यात असतात. वहीची पाने आणि बोलीतली पत्रे बघून ते हसतील, म्हणून मी ती त्यांच्याकडे दिली नाहीत, असे मी स्वतःला सांगत होते. ते कारण खरे नाही. फोटो फार चांगले होते आणि ते मला हवे होते. तिचे सासरचे आडनाव वेगळे आहे, त्यामुळे कुणाला कळणार नव्हते.

सुकन्या

*

(जोडपत्र १)

४ ऑगस्ट

सुकन्या बाळास वच्छलाआत्याचा आशीर्वाद.

धनाजीनं त्याचा जुना फोन मला दिलाय. म्हणला, आई, सुकी किड्यांचे फोटो गोळा करती, आन तुज्या हौदावर तर बाजार भरतोय, पाठव की तिला. म्हणून नऊ फोटो पाठवले हायत. बोटानं टायपिंग काय जमत न्हाय, म्हणून वहीवर लिहिते.

लाल हेलिकॉप्टर लई चलाख. जवळ गेलं की उडतंय, आन फिरून त्याच तुराटीवर येऊन बसतंय. मग मी त्याच्या मागं पळायचं सोडलं. तुराटीसमोर फोन धरून बसले. इकडं शेरडं वरडायला लागली. शेजारची केराबाई कुपावरनं वाकून म्हणली, “वच्छे, हौदाची पूजा मांडलीस व्हय?” म्हणलं, “परीक्षा चाललीया.” “कुणाची गं?” “माझीच की. भाची मास्तरीण हाय.”

बारीक असत्यात, पंख मिटून बसत्यात, त्यांना मी काड्या म्हणते. त्या फोनमधी नीट येत न्हाईत, वाऱ्यानं हालत्यात. शेवटचे चार फोटो त्यांचे हायत. शिकंन.

दोन वर्सं झाली तू आली न्हाईस. माणसं ऱ्हाऊ दे, किडं बगायला तरी ये.

तुजी आत्या

*

(जोडपत्र २)

सोलापूर,
६ ऑगस्ट

श्रीमती वच्छला लवटे यांस,

आपले नऊ फोटो मिळाले.

फोटो १, ३, ४: लाल चतुर, नर. फोटो २: तोच, मादी. फोटो ५: भटका चतुर, पंख किंचित फाटलेला. फोटो ६ ते ९ अस्पष्ट आहेत, ओळख देता येत नाही.

यापुढे प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावे. हा पत्रव्यवहार संयोजकांना दाखवावा लागू शकतो, तरी त्यात घरगुती मजकूर टाळावा.

आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे.

सुकन्या गडदे
पडताळणी, सोलापूर जिल्हा

*

(जोडपत्र ३)

११ ऑगस्ट

मॅडम यांस,

असंच लिहायचं ना? पत्रात ‘आपले’ वाचलं आन मी मागं वळून बगितलं, म्हणलं कोण पावणं आलं. मला तलाठ्यानं कधी आपण म्हणलं न्हाय. धनाजी म्हणला, हापिसाचं तसंच असतंय, मनावर घेऊ नगं. बरं. घरगुती लिहीत न्हाय.

फोटो १० ते २३. तारीख वेळ प्रत्येकाच्या फुडं लिहिलीया. ठिकाण हौद. दुसरं ठिकाणच न्हाय.

फोटो २३ बगा. सकाळचं साडेआठ. निळी काडी. ही जात मी आदी बगितली न्हवती. पंधरा दिवस झालं बगते, चारच हायत. दोन निळ्या, दोन मळकट. मळकट त्या बाया असाव्यात, काम करून करून झाल्या असत्याल तशा. निळे ते गडी, मिरवत हिंडत्यात. जोडी लागली की दोगं मिळून बदामाचं चित्र व्हतंय, अगदी पत्त्यातल्यावानी. तसं एकदा न्हाय, चारपाच बारी बगितलं.

हे घरगुती न्हाय. किड्याचं हाय.

वच्छला लवटे

*

(जोडपत्र ४)

सोलापूर,
१४ ऑगस्ट

श्रीमती वच्छला लवटे यांस,

फोटो क्र. २३ महत्त्वाचा आहे. मात्र तेवढ्यावरून खात्री होत नाही. पुढीलप्रमाणे फोटो हवा आहे.

टाचणी बाजूने हवी. टाचणी सरळ व स्थिर हवी. मागे पांढरा कागद असावा. शेपटीच्या टोकाचे चिमटे स्पष्ट दिसावेत. नर व मादी दोन्ही हवेत, शक्य तितके.

फोटो लवकर पाठवावा. शंका राहू नयेत म्हणून सूचना सोप्या शब्दांत दिल्या आहेत.

सुकन्या गडदे
पडताळणी, सोलापूर जिल्हा

*

(जोडपत्र ५)

२५ ऑगस्ट

मॅडम यांस,

फोटो २४ ते ३१ पाठवलेत. ३१ नंबरचा तुमी मागितलेला.

उशीर झाला, कारण घरात टाचणी न्हवती. मंगळवेढ्याच्या बाजाराला गेले तवा डबी आणली. पांढरा कागद पण तितनंच. सकाळच्या पारी ऊन पडायच्या आदी काड्या गारठून गप बसत्यात, तवा धरल्या. पयली टाचणी वाकडी बसली, ती काढून परत सरळ लावली. मग बाकीच्या बरोबर बसल्या. बाजूनं हायत, सांगितल्या परमाणं. नर मादी दोनी हायत, दोन दोन. तेवढ्याच व्हत्या.

तुला आठवतंय का, कॉलेजात असताना सुट्टीला हितं आली व्हतीस, थर्माकोलच्या डब्यात फुलपाखरं टोचून ठेवली व्हतीस. मी म्हणले व्हते, सुके, जित्या जिवाला टोचू नगं. तू म्हणलीस, आत्या, हे शिक्षण हाय, तुला कळायचं न्हाय. म्हणून ह्या बारीला काय बोलले न्हाय. एक शंका व्हती, पण शंका ऱ्हाऊ नये असं तुमी लिवलंय, म्हणून काडली न्हाय.

केराबाईनं बगितलं. म्हणली, “अगं, रोज त्यांच्याशी बोलत बसतीस आन आता हे काय?” म्हणलं, कामाचं हाय.

ह्यात घरगुती आलं असलं तर तेवढं खोडा.

वच्छला लवटे

*

(जोडपत्र ६)

सोलापूर,
२७ ऑगस्ट

श्रीमती वच्छला लवटे यांस,

फोटो क्र. ३१ मिळाला. चिमटे स्पष्ट दिसतात. ओळख निश्चित झाली. काम झाले. आभारी आहे.

सुकन्या गडदे
पडताळणी, सोलापूर जिल्हा

*

(जोडपत्र ७)

१० नोव्हेंबर

सुकन्या,

गटावर आलंय ते धनाजीनं वाचून दाखवलं. माझं नाव, तालुक्याचं नाव, आन ‘सूचना न पाळता जीव मारले’. मी म्हणले, आरं परत वाच, दुसऱ्या कुणाचं असंल. त्यानं परत वाचलं.

मी पेटीतनं तुजं पत्र काडलं. त्यानं छापून आणलं व्हतं ना, ते. म्हणलं, हे बग, टाचणी बाजूनं हवी, सरळ हवी, कागद पांढरा हवा. सगळं केलंय. त्यानं ते दोनदा वाचलं. मग म्हणला, “आई, टाचणी म्हंजे ती काडीच गं. किड्याचं नाव हाय ते.” मी म्हणले, खोटं बोलू नगं. त्यानं फोनमधी चित्र काडून दाखवलं. खाली लिवलं व्हतं, टाचणी.

मला नाव काडल्याचं काय न्हाय. माझं नाव आदी कुटं व्हतं? केराबाईच्या सुनेनं पण वाचलंय, ती आता हौदाकडनं जाताना बगून न बगितल्यासारखं करती. त्येचं पण काय न्हाय.

पर ऑगस्टात तू लिवलंस की, काम झालं, आभारी. म्हंजे तुला त्या टाचण्या दिसल्या व्हत्या. तवा एक फोन करून म्हणली असतीस, आत्या, काय केलंस हे येड्यासारखं. मी रडले असते, तू रागावली असतीस, झालं असतं.

निळी काडी परत आली न्हाय. रोज बगते. आता मला त्या हौदाकडं बगवत न्हाय. एक डिसेंबरला रविवार हाय, धनाजी घरी असतो. त्या दिशी हौद उपसून, गवत काढून, चुन्यानं घासून घेणार हाय. शेरडांना नळाचं पाणी हाय. फोन धनाजीला परत दिलाय. हे पान त्यानंच पाठवलंय.

आत्या

*

सोलापूर,
२२ नोव्हेंबर

सुकन्या,

सगळी पत्रं वाचली. आतून पुन्हा विचारणा झाली, “काय हो, टाचणी सापडली का?” मी हे पत्र लिहायला घेतलं.

गटावरची सूचना माझ्या सहीने गेली. अहवाल न मागता, तुमच्या एका शेऱ्यावर मी ती पाठवली. नियम असा होता की आधी घटनाक्रम, मग नाव. मी उलटं केलं. तेवढं माझं. बाकीचं मी माझ्या अंगावर घेणार नाही. घेतलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खरं ठरणार नाही.

टाचणी हे नाव आपण नोंदीत वापरतो, आपापसात वापरतो. लोकांच्या घरी टाचणी डबीत असते. इतकी वर्षं यादी करतो आहे, हे मला कधी सुचलं नाही. त्यांनी मात्र पहिल्याच पत्रात स्वतःचा शब्द दिला होता. तुम्ही तो वाचला होता.

नववा मुद्दा पुन्हा लिहा. पण माझ्याकडे पाठवू नका. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना पाठवा. आणि एक डिसेंबरला हौद उपसणार आहेत, असं त्या म्हणतात. त्या पाण्यात काय असू शकतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

राजशेखर

*

भवानी पेठ, सोलापूर,
२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

आत्या,

हे हाताने लिहिते आहे. मूळ पान उद्या सकाळी पोस्टात टाकेन आणि त्याचा फोटो आजच धनाजीला पाठवेन. धनाजी, तू हे वाचून दाखवू नकोस. फोन तिच्या हातात दे.

सरांना दिलेल्या अहवालात मी नऊ मुद्दे लिहिले. नववा असा होता: निरीक्षकाने असे का केले, ते मला माहीत नाही. ते खोटं आहे. मला माहीत होतं. कधी कळलं तेही सांगते.

२५ ऑगस्टला रविवार होता, पण आमच्या रंगाच्या प्रयोगशाळेत काम चालू होतं. टॉवेलचं सूत रंगवून आलं की ते ठरलेल्या रंगाशी जुळतं का, हे दिव्याखाली धरून सांगायचं, एवढंच माझं काम. किंचित फरकही मला दिसतो, त्याचेच मला पैसे मिळतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तुझा फोटो उघडला. सगळ्यांत आधी चार चकचकीत ठिपके दिसले. टाचण्यांची डोकी. मग तुझं पान वाचलं. डबी आणली, वाकडी बसली ती परत लावली. माझ्या कुठल्या शब्दाने हे झालं, ते मला तिथल्या तिथे कळलं. समोर डबा उघडा होता. मी तो संपवला.

मग मी फोटो कापला. शेपट्यांची टोकं ठेवली, ठिपके बाहेर टाकले. चिमटे इतके स्वच्छ दिसत होते की तसा फोटो मी आजवर काढलेला नाही. जिल्ह्यातली पहिली नोंद होती आणि पडताळणी म्हणून खाली माझं नाव येणार होतं. तुला लिहिलं, काम झाले.

सरांनी पूर्ण फोटो मागितला तेव्हा ‘सूचना माझी होती’ हे तीन शब्द लिहायला पुरेसे होते. मी त्याऐवजी तुझ्या नावापुढे शेरा लिहिला. अहवालात टाचणीला पिन म्हटलं. दोन टाचण्या एका वाक्यात आल्या असत्या, तर कुणालाही कळलं असतं. मी तो शब्द चुकून बदलला नव्हता.

आज तुझी-माझी सगळी पत्रं पुन्हा तपासली. १४ ऑगस्टच्या आधी माझ्या एकाही पत्रात टाचणी हा शब्द नाही. तू ४ तारखेला लिहिलं होतंस की मी त्यांना काड्या म्हणते. मी ‘काडी बाजूने हवी’ असं लिहिलं असतं, तर तू फोन घेऊन बाजूला जाऊन बसली असतीस आणि तासाभरात फोटो काढला असतास. मी तसं लिहिलं नाही, कारण मी तुला आत्या म्हणत नव्हते. आत्या म्हटलं असतं तर नियमाप्रमाणे फोटो पुण्याला गेले असते. आपण म्हटलं म्हणून ते माझ्याकडे राहिले. आणि जिला आपण म्हणतो, ती परत फोन करून विचारत नाही, ‘सुके, टाचणी म्हंजे कुठली गं?’ तुझी शंका मी आधीच बंद करून ठेवली होती.

थर्माकोलच्या डब्याबद्दल. मला आठवतं. तू तेव्हा म्हणालीस ते बरोबर होतं, आणि मला तेव्हाही कळलं होतं.

आता हौदाचं. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, आहे ते लिहिते. निळी काडी पंख फुटल्यावर थोडेच आठवडे जगते. त्या चार काड्या दिवाळीपर्यंत राहिल्याच नसत्या. याने माझं काहीच हलकं होत नाही, त्यांचे ते आठवडे होते. पण तू लिहिलं होतंस की बदामासारखी जोडी चारपाच वेळा बघितली. त्यानंतर मादी पाण्यातल्या गवताच्या देठात अंडी घालते. पिल्लं पाण्यातच राहतात, कधी काही महिनेही. त्यांना पंख नसतात, निळा रंग नसतो. म्हणून ती तुला दिसली नसतील.

हौदाच्या काठचं गवत पाण्यातच हलव आणि तिथलं पाणी पांढऱ्या ताटलीत घे. अर्ध्या नखाएवढी तपकिरी काडी, मागे तीन बारीक पानं, असं काही हलताना दिसतं का बघ. दिसलं तर पाणी हळूच परत ओत. फोटो नको. नाही दिसलं, तरी ती नाहीत असं मी म्हणू शकत नाही. आहेत असंही म्हणू शकत नाही. हौद उपसून चुना लावला, तर मात्र नक्की राहणार नाहीत.

मी काय केलं ते सांगते. आज सकाळी गटावर माझ्या नावाने सूचना गेली. तिच्यात चार वाक्यं आहेत. वच्छला लवटे यांनी त्यांना दिलेली सूचना जशीच्या तशी पाळली. सूचना चुकीच्या शब्दांत मी दिली होती. फोटो मी कापला. त्या माझ्या सख्ख्या आत्या आहेत आणि हे मी लपवलं. ती सूचना कायम राहील, तू माफ केलंस तरी आणि नाही केलंस तरी. केराबाईच्या सुनेला धनाजीने ती दाखवावी. पडताळणीचं काम मी सोडलं आहे. तुझे बाकीचे फोटो आता पुण्याचे गृहस्थ बघतील. त्यांनी आजच कळवलं की लाल चतुराची मालिका त्यांना वर्षातली सर्वांत चांगली वाटते आणि निरीक्षक कोण आहेत ते विचारलं. मी उत्तर दिलेलं नाही. ते तुझ्यावर आहे.

माझ्या तीन गोष्टींचं उत्तर हवं आहे.

हौद रविवारी उपसणार का?

काढलेले तीस फोटो तुझ्या नावासह परत घालायचे, की कायमचेच काढून टाकायचे? एकतिसावा कुठेही राहणार नाही.

यादीत प्रत्येक जातीपुढे ‘गावातले नाव’ असा एक रकाना आहे. निळीपुढचा मी आजवर कोरा ठेवला होता. तिथे ‘काडी’ लिहू का?

मी येऊ का, असं विचारत नाही. तू बोलावल्याशिवाय येणार नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर, संध्याकाळी सहापर्यंत उत्तर पाठव. धनाजीच्या फोनवरून वहीच्या पानाचा फोटो चालेल. एक शब्द असला तरी चालेल, तो ‘नको’ असला तरी. फक्त घरगुती लिही.

सुकी